आधी हात ठरवा, मग प्रती

गेल्या अंकात मी आर्टिस्ट बुकविषयी लिहिलं होतं. चित्रकाराने स्वतः रचलेलं, बरेचदा स्वतःच छापलेलं आणि बांधलेलं पुस्तक, ज्यात पुस्तक हीच कलाकृती असते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते. जागेसाठी पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक. ऑगस्ट 2019 च्या महापुरावर मी 24 लिनोकट (लिनोलियमवर कोरलेल्या ठोकळ्यांची ठसेचित्रं) केले आहेत. त्यांचं पुस्तक करायचं आहे. ऑफसेटवाला म्हणतो 500 च्या खाली परवडत नाही. मुलगी म्हणते डिजिटलवर 50 काढा. एक मित्र म्हणतो 10 च प्रती काढा आणि प्रत्येकी 25 हजारांना विका. किती काढू?
*एक वाचक, सांगली*

उत्तर : सर, तिघांनी तुम्हाला तीन आकडे दिले, पण पुस्तक कुणाच्या हातात जायला हवं हे एकानेही विचारलं नाही. ऑफसेटवाल्याचा 500 हा त्याच्या मशीनचा आकडा आहे. प्लेट करणं, मशीन लावणं, शाई जुळवणं हा खर्च 50 प्रतींना जेवढा तेवढाच 500 ना, म्हणून तो तसं सांगतो. तुमच्या चित्रांशी त्याचा संबंध नाही.

दोन टोकांची दोन उदाहरणं सांगते. अमेरिकन चित्रकार एड रुशे याने 1963 मध्ये ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. लॉस एंजेलिस ते ओक्लाहोमा सिटी रस्त्यावरच्या 26 पेट्रोल पंपांचे साधे काळे-पांढरे फोटो, बाकी जवळजवळ काही नाही. पहिली आवृत्ती 400 प्रतींची, क्रमांक घातलेली. पण पुढे त्याने क्रमांक सोडून दिले, 1967 मध्ये 500 आणि 1969 मध्ये 3000 प्रती काढल्या. किंमत कुणालाही सहज परवडेल अशी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे पुस्तक नाकारलं, तेव्हा त्याने ‘आर्टफोरम’ मासिकात त्या नकाराचीच जाहिरात दिली. पुस्तक कुठेही, कुणाच्याही हातात पडावं, हे त्याने ठरवलेलं होतं. प्रतींचा आकडा, किंमत, जाहिरात, सगळं त्या एका निर्णयातून आलं.

दुसरं टोक इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचं. त्याने ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ 1789 मध्ये काढलं. कविता आणि चित्र एकाच तांब्याच्या पत्र्यावर, अक्षरं उलटी लिहून, भोवतीचा भाग आम्लाने खाववून. छापायचा तो स्वतः, बायको कॅथरीन मदतीला, आणि मग एकेक पान हाताने रंगवायचं. एकदम गठ्ठा छापून ठेवायचा नाही, थोड्या थोड्या प्रती काढायच्या. त्यामुळे एकीसारखी दुसरी प्रत नाही. त्याचे हात मोजके होते आणि घेणारेही मोजके.

तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांनी हे बघावं असं वाटतं.’ मग 25 हजारांची प्रत हा तुमचा मार्ग नाहीच. पण तुमचे ठोकळे तयार आहेत, लिनो काळजीने वापरला तर शेकडो ठसे देतो, आणि लिनोच्या शाईचा कागदावर बसलेला दाब स्कॅनमध्ये येत नाही. म्हणून माझं मत दोन आवृत्त्यांचं आहे. 40 प्रती थेट ठोकळ्यांवरून, हातकागदावर, क्रमांक आणि सही घालून. आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या ठशांवरून स्कॅन करून 500 ची साधी ऑफसेट आवृत्ती, दोनशे रुपयांच्या आत बसेल अशी. पहिलीच्या विक्रीतून दुसरीचा बराचसा खर्च निघू शकतो. साध्या आवृत्तीला मात्र ग्लॉसी आर्ट पेपर वापरू नका. तो काळ्या रंगाला चकाकी देतो आणि तुमच्या चित्रातल्या गढूळ पाण्याला ती शोभणार नाही. 120 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद घ्या.

तुमच्याकडे एखादं ट्रेडल, म्हणजे खिळे जुळवून छापायचं जुनं यंत्र, अजून चालू असेल तर ते शोधाच. खिळ्यांची, म्हणजे अक्षरांच्या शिशाच्या ठशांची, उंची 0.918 इंच, म्हणजे साधारण 23.3 मिलिमीटर. लिनो 3.2 मिलिमीटरचा. खाली चांगला सपाट प्लायवूड लावून, उरलेला फरक पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी भरून ठोकळा बरोबर त्या उंचीला आणला, की चित्र आणि शिशाच्या खिळ्यांतला मजकूर एकाच फेऱ्यात छापता येतो. उंची कमी पडली तर काळा भाग फाटका उठतो, जास्त झाली तर ट्रेडल ठोकळ्याच्या कडा चेपतं. तेलाच्या शाईला वाळायला वेळ द्या, पावसाळ्यात तर भरपूर. दोन पानांत बटर पेपर घातल्याशिवाय गठ्ठा करू नका, नाहीतर समोरच्या पानावर चित्राचं भूत, म्हणजे पुसट छाप, उमटतं.

आणि छापण्याआधी क्रम. 24 चित्रं एकापाठोपाठ लावली म्हणजे पुस्तक झालं असं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आठवा. त्यांच्या चित्रांच्या संचाला ते पोथीच म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि गाताना एकेक समोर धरायचं. कथेतला ताण ते चित्र कधी पालटतात यावर उभा असतो. तुमच्याकडेही पालटणं आहे. पाण्याची रेषा प्रत्येक उजव्या पानावर थोडी वर चढत गेली तर एक शब्द न लिहिता वाचणाऱ्याला पूर कळेल. मधे दोन पानं पूर्ण काळी सोडायची हिंमत करा. रद्दी कागदाची डमी बांधा, पुराबद्दल काही माहीत नसलेल्या माणसाच्या हातात द्या, आणि तो कुठे थांबतो आणि कुठे दोन पानं एकदम उलटतो ते बघा. जिथे दोन उलटली, तिथलं एक चित्र कमी करा.

प्रश्न : ताई, मी पुण्यात उपयोजित कला शिकते. 12 घड्यांचं अ‍ॅकॉर्डियन (पंख्यासारखं दुमडणारं) पुस्तक केलं. बंद केल्यावर पानं जिन्यासारखी एकावर एक सरकतात, आणि दोन्ही पुठ्ठे वाटीसारखे वळले. कागद महागाचा घेतला होता.
*एक विद्यार्थिनी, पुणे*

उत्तर : कागद महागाचा असला तरी तो कुठल्या दिशेने वापरला हे महत्त्वाचं. मिलच्या कागदात तंतू एका दिशेला झोपलेले असतात. तो ग्रेन घडीला समांतर हवा. आडवा पडला की घडी फुटते, कागद फुगतो, पुस्तक मिटत नाही. बघायचं कसं? कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला कर. तो नळीसारखा वळेल, आणि नळीची लांबी ज्या दिशेला, तो ग्रेन. दुसरी खूण हाताला कळते: कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघ, जिकडे कमी जोर लागतो तिकडच्या घडीला समांतर ग्रेन. हातकागदात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण चाळणी हलवताना तंतू सगळीकडे पसरतात. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन एकदा लगद्यातून चाळणी वर येताना बघ, म्हणजे हे पाठ करावं लागणार नाही.

पानं सरकतात त्याचं कारण वेगळं आहे. तू एका टोकापासून घड्या घालत गेलीस, हे तुझ्या फोटोवरून दिसतं. प्रत्येक घडीत अर्धा मिलिमीटर चुकला तरी बाराव्या घडीपर्यंत सहा मिलिमीटर होतो. घड्या अर्ध्यातून घाल. आधी पूर्ण पट्टी मधोमध दुमड, मग प्रत्येक अर्ध्याचं पुन्हा अर्धं. 12 साठी आधी चार भाग कर आणि प्रत्येकाचे तीन. चूक झालीच तर ती पुढे वाहत जात नाही, त्या त्या भागातच राहते. जाड कागदाला आधी बोन फोल्डरने (घडी पाडायच्या पट्टीने) क्रीझ पाड, नुसत्या नखाने दाबू नकोस.

पुठ्ठा वळला कारण तू बाहेरून कापड लावलंस आणि आतून पुस्ती (अस्तराचा कागद) लावली नाहीस, किंवा आडव्या ग्रेनची लावलीस. खळ वाळताना कापड पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. त्याला आतून तेवढीच ओढ लागते. दोन्ही बाजू लागल्या की वर्तमानपत्राचे कोरे कागद घालून वजनाखाली ठेव, कागद ओले झाले की बदल, आणि तुला वाटेल त्याहून एक दिवस जास्त ठेव. पुण्याच्या जुलैत दोन दिवस जास्त.

मी बांधणी बुधवार पेठेतल्या एका जुन्या बाइंडरांकडे शिकले. ते मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे झुरळं-कसर लागत नाही. हिशेबाच्या वह्यांना ते ठीक होतं. चित्रांच्या कागदाला मोरचूद घालू नकोस, तांब्यामुळे कागद कालांतराने तपकिरी आणि ठिसूळ होतो. रोज लागेल तेवढीच ताजी खळ शिजव, गाळून घे. पुठ्ठ्यावर कापड लावताना फेविकॉल चालेल, त्यात पाणी कमी असल्याने वळणही कमी येतं, पण मूळ चित्राच्या पानाला तो लावू नकोस. खळ लावलेलं पान पुढे कधी ओलं करून सोडवता येतं, फेविकॉलचं येत नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक एक श्लोक लिहायचे: ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबंधनात् ।’ तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला वाचवा, असं पुस्तकच सांगतंय. अ‍ॅकॉर्डियन काय करू शकतं हे बघायचं असेल तर छायाचित्रकार दयानिता सिंग यांचं 2008 चं ‘सेंट अ लेटर’ मिळवून बघ. सात छोटी घडीपुस्तकं एका कापडी डब्यात. टेबलावर उभी केली की प्रदर्शन, मिटली की खिशात. तुझ्या 12 घड्या उभ्या राहणार आहेत की हातात उलगडणार आहेत, ते ठरव. उभ्या राहणार असतील तर कागद 200 जीएसएमच्या वरचा घे, हातात उलगडणार असतील तर त्याहून हलका.

प्रश्न : बहिणाबाई आणि मर्ढेकर यांच्या कवितांवर चित्रं काढून पुस्तक करायचं आहे. परवानगी लागते का? कोलटकरांच्या कवितांचं काय?
*एक चित्रकार, जळगाव*

उत्तर : आपल्याकडे कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, म्हणजे 2017 पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता मोकळ्या आहेत. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने 1952 मध्ये आली. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला 60 वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, तरीही 2012 संपताच ती मुदत संपली. कोलटकर 2004 मध्ये गेले, त्यांच्या कविता 2064 अखेरपर्यंत संरक्षित. कुसुमाग्रजांच्या 2059 अखेरपर्यंत. या दोघांच्या बाबतीत हक्कदारांची लेखी परवानगी घ्या, प्रतींची संख्या आणि किंमत पत्रात लिहून. 30 प्रतींच्या पुस्तकाला परवानगी मागायला संकोचू नका.

कविता मोकळी असली तरी एखाद्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं मोकळी होत नाहीत, म्हणून पाठ जुन्या आवृत्तीशी ताडून स्वतः उतरवून घ्या. अक्षरांचंही बघा. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे मुंबईच्या एक टाइपचे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छापायला चालतात. पण बहिणाबाईंची ओवी संगणकाच्या अक्षरात बसवण्यापेक्षा तुम्ही हाताने लिहावी असं मला मनापासून वाटतं. कोलटकर स्वतः ग्राफिक डिझायनर होते. 1976 मध्ये क्लिअरिंग हाउस या कवींच्या छोट्या प्रकाशनाची पुस्तकं त्यांनी सजवली, त्यात त्यांचं ‘जेजुरी’ही होतं. आपल्याकडे कवींनी स्वतः पुस्तकं काढण्याची ही परंपरा आहे. लघुनियतकालिकांच्या काळात सायक्लोस्टाइलवर निघालेले अंक हेही हाताने केलेलं प्रकाशनच होतं. तुम्ही एकटे नाही.

प्रश्न : मी आजीच्या जुन्या साड्यांच्या तुकड्यांतून पुस्तकं शिवते, प्रत्येक वेगळं. मेळ्यात लोक हातात घेतात, खूप आवडलं म्हणतात, आणि किंमत ऐकून ‘एका वहीला एवढे?’ म्हणून ठेवून देतात. आता एक दुकान पुस्तकं ठेवायला तयार आहे, पण 40 टक्के मागतंय. द्यावे का?
*एक कलाकार, म्हापसा*

उत्तर : ‘एका वहीला एवढे?’ हे वाक्य मला फार लागतं, कारण ते म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याला कोरी वही दिसते, तुमचं काम दिसत नाही. ते दाखवायची सोय पुस्तकातच करा. शेवटच्या पानावर पुष्पिका लिहा: कापड कुणाच्या साडीचं, किती सालची, दोरा कुठला, शिलाई कुठली, कोणत्या महिन्यात पुरं झालं, प्रत कितवी. मेळ्यात एक प्रत हाताळायसाठी ठेवा, तिच्यावर ‘ही प्रत उघडून बघा’ असं लिहा, आणि ती मळली तर मळू द्या. पुस्तक काचेखाली ठेवू नका. काचेखालचं पुस्तक कुणी उलटत नाही, आणि न उलटलेलं पुस्तक कुणी विकत घेत नाही.

आता हिशेब. समजा एका पुस्तकाला सामान 350 रुपयांचं आणि सहा तासांचं काम, तासाला 150 प्रमाणे 900. म्हणजे खर्च 1250. दुकान 40 टक्के घेणार तर तुमच्या हातात किमतीच्या 60 टक्के येणार. 1250 ला 0.6 ने भागा: 2083. त्याखालच्या किमतीला तुम्ही दुकानाला पैसे देऊन पुस्तक विकताय. 2500 ठेवलीत तर 1500 मिळतील, 250 रुपये पुढच्या कापडाला उरतील. मेळ्यातही किंमत 2500 च ठेवा. दुकानात एक आणि स्वतःच्या टेबलावर कमी, असं केलंत की दुकान पुन्हा उभं करणार नाही.

40 टक्के जास्त वाटतात, पण पुस्तकांच्या धंद्यात ते चालतात. खरी काळजी वेगळी आहे. पुस्तकं विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवायची तर एक कागद करा: कोणत्या क्रमांकाच्या प्रती, किंमत, वाटा, हिशेब किती महिन्यांनी, आणि प्रत खराब झाली तर भरपाई कुणाची. माझ्या प्रती एका दुकानातून कोपरे चेपून, कापडावर डाग पडून परत आल्या होत्या, आणि कागद नसल्यामुळे बोलायला जागा नव्हती. ज्याला सही करायला जड जातं त्याच्याकडे प्रती ठेवू नका.

अडीच हजारांचं पुस्तक घेऊ न शकणारे, पण मनापासून आवडलेले लोक तुमच्याकडे परत परत येतील. त्यांच्यासाठी शंभर-दीडशे रुपयांत बसेल असं आठ पानी घडीपुस्तक करा, साडीच्या काठाच्या पोताचं, रिझोवर छापलेलं. शाळा, क्लास पत्रकांसाठी ज्या यंत्रावर छापून घेतात तेच हे. एका वेळी एक रंग छापतं, रंग पूर्ण वाळत नाही म्हणून बोटाला लागतो, पण त्याचा खरखरीत रंग कापडाला फार शोभतो. आणि कोलकात्याचं रायटर्स वर्कशॉप नजरेसमोर ठेवा. पी. लाल यांनी 1958 मध्ये सुरू केलेल्या या प्रकाशनाची पुस्तकं हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली, आणि ती वाचण्यासाठीच होती. साडीचं कापड म्हणजे शोभेची वस्तू, असं गिऱ्हाइकाला वाटायचं कारण नाही.

खाजगी गिऱ्हाइकापलीकडे ग्रंथालयांनाही लिहा. अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्था, मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय यांच्या ग्रंथपालांना तीन फोटो, मापं, प्रतींची संख्या आणि किंमत असं एका पानाचं पत्र पाठवा. लांबलचक कलाविधान नको. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय आहे आणि ते मराठी पुस्तकंही घेतं. तिथेही पाठवा.

प्रश्न : मी एडिसनला राहते. मुलीने आणि मी मिळून मराठी-इंग्रजी चित्रपुस्तक केलंय. न्यूयॉर्कमध्ये कुठे दाखवता येईल?
*एक वाचक, न्यू जर्सी*

उत्तर : प्रिंटेड मॅटर. 1976 मध्ये कलाकार सोल लेविट, समीक्षक लूसी लिपार्ड आणि इतरांनी सुरू केलेलं, आर्टिस्ट बुकांसाठीचंच दुकान आहे. कलाकार स्वतः पुस्तक पाठवू शकतात, ते निवडतात. न्यूयॉर्क आर्ट बुक फेअरही त्यांचाच, 2006 पासूनचा. टेबलासाठी अर्ज बराच आधी करावा लागतो. यंदा नुसतं बघायला जा, तुमच्यासारखं पुस्तक कोण करतंय ते शोधा आणि पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर टेबल वाटून घ्या. आणि मराठी मजकूर लहान टायपात खाली ढकलू नका. चेन्नईच्या तारा बुक्सची गोंड आणि वारली चित्रकारांची पुस्तकं जगभर वेगवेगळ्या भाषांत निघतात, चित्रं तीच, मजकूर तेवढा बदलतो. तुम्हीही मराठी आणि इंग्रजी वेगळ्या थरांत ठेवलंत तर नुसती मराठी आवृत्ती सहज काढता येईल.

प्रश्न : 40-50 प्रतींच्या पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) लागतो का? कायद्याने आणखी काय करावं लागतं?
*एक वाचक, नाशिक*

उत्तर : सक्ती नाही, पण दुकानात किंवा ग्रंथालयात जायचं असेल तर घ्या. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, स्वतः प्रकाशित करणाऱ्यालाही मिळतो, आणि फुकट. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाऊ नका.

दुसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. 1954 च्या पुस्तकं सुपूर्द करण्याच्या कायद्यानुसार प्रकाशकाने छापलेलं पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत, स्वखर्चाने, एकेक प्रत चार ठिकाणी पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. प्रकाशक तुम्हीच, म्हणजे जबाबदारीही तुमचीच. कोलकात्याला जाणारी प्रत सर्वांत चांगल्या कागदावरची, सर्वांत चांगल्या प्रतीइतकी रंगवलेली आणि बांधलेली हवी, असं कायदा स्पष्ट म्हणतो. बाकी तिघांना, जास्तीत जास्त प्रती ज्या कागदावर निघाल्या त्या कागदावरची चालते. हाताने लिहून-रंगवून केलेली एकुलती एक प्रत यात येत नाही, कारण ती छापलेली नाही. तेव्हा 40 विकायच्या असतील तर 44 छापा आणि त्या चौघांचा टपालखर्च आधीच किमतीत धरा.